रानांतील शाळा आणि घरचा अभ्यासक्रम

सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानीं येतो. कांहीं आईबाप मुलांस शाळेंतून काढून घरींच शिकवूं पाहतात. कोणाची बदली आडगांवीं झालेली असते, कोणाचें मूल चाळीस जणांच्या वर्गांत मिटून जातें, तर कोणाला शाळेचें एकंदर वळणच पसंत नसतें. निश्चय होतो, आणि लगेच खरी अडचण उभी राहते. घरांत थोरला अकरा वर्षांचा, मधली आठांची, धाकटा पांचांचा. तिघांना काय शिकवावें? प्रत्येकाचीं पुस्तकें निराळीं घ्यावीं, कीं तिघांना एका सतरंजीवर बसवून एकच विषय सांगावा? बाजारांत विलायती व देशी अभ्यासक्रमांची रास पडली आहे. तिच्यांतून निवड कोणत्या कसोटीनें करावी?

विचारणाऱ्यास हा प्रश्न आपल्या घरापुरता वाटतो. आमच्या मतें त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचीं कांहीं महत्त्वाचीं पानें महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला, चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत आणि त्यांच्या शेजारच्या वर्ध्यांत लिहिलीं गेलीं आहेत. तीं पानें वाचकांपुढें उलगडावीं, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख करून घेऊं. नागपूरकर भोसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, तेव्हां चांदा इंग्रजी अंमलाखालीं आला; १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, त्यांत तो गेला; आणि स्वातंत्र्यानंतर, २६ ऑगस्ट १९८२ रोजीं, त्याचा पूर्वभाग तोडून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. गडचिरोलीचें क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा सुमारें तीन चतुर्थांश भाग वनाखालीं आहे. साग, बांबू, मोह आणि तेंदू हें या रानाचें धन. वैनगंगा आणि प्राणहिता या त्याच्या मोठ्या नद्या. भामरागडापाशीं इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा यांचा संगम होतो. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडाचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो. उन्हाळ्याच्या तोंडाशीं मोहफुलें वेंचायला आणि पुढें तेंदूपानें तोडायला अख्खें घर रानांत जातें, त्यांत पोरेंही आलींच. अशा मुलुखांत शाळेचें वेळापत्रक शहरांतून छापून आणून भिंतीवर चिकटवलें, तर तें भिंतीवरच राहतें. म्हणूनच कोणत्या वयाला काय शिकवावें हा प्रश्न येथें जितक्या उघडपणें समोर येतो, तितका तो पुण्यामुंबईंत येत नाहीं.

वयाप्रमाणें वर्ग आणि वर्गाप्रमाणें पुस्तक ही व्यवस्था आपणांस सूर्यचंद्राइतकी सनातन वाटते. वस्तुतः ती आपल्याकडे फार जुनी नाहीं. पंतोजींच्या शाळेंत सहा वर्षांचा पोर धुळाक्षरें गिरवीत असे, त्याच ओसरीवर बारा वर्षांचा मुलगा मोडी कित्ता काढीत असे, आणि एखादा थोराड विद्यार्थी हिशेब करीत असे. पंतोजी एक, मुलें निरनिराळ्या वयांचीं. तेव्हां मोठ्यानें लहानाचा हात धरून अक्षर वळविणें क्रमप्राप्तच होतें. डॉ. अँड्र्यू बेल यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेंत हीच युक्ति उचलली, १७९७ सालीं तिच्यावर लंडनमध्यें पुस्तक छापलें, आणि पुढें ती इंग्लंडांत गाजली. आमच्या ओसरीवरची रीत साहेबाच्या देशांत जाऊन नांवारूपाला आली. आमच्याकडे मात्र सरकारी शिक्षणखातीं निघालीं, इयत्ता आल्या, तपासनीस आले, आणि ओसरी मोडली. खात्यानें शिक्षण सर्वांसाठीं खुलें करण्याचा पाया घातला, हें त्याचें मोठेंच उपकार आहेत. पंतोजींच्या ओसरीवर सर्व जातींच्या मुलांना व मुलींना जागा नव्हती, हें विसरून जुन्याचे गोडवे गाणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु निरनिराळ्या वयांच्या मुलांना एकत्र शिकवितां येतें, एवढी गोष्ट तीन मुलांच्या आईनें त्या ओसरीवरून निःशंकपणें उचलावी.

घरच्या शिक्षणाचें महाराष्ट्रांतील सर्वांत तेजस्वी उदाहरण एका रानांतलेंच आहे. मात्र तें रान पश्चिमेकडचें. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरला. सनातन्यांचा रोष पत्करून ते सह्याद्रींतील गंगामूळ येथें जाऊन राहिले. तेथें १८५८ सालीं रमाबाईंचा जन्म झाला. वडील थकले होते, म्हणून मुलीला शिकविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं केलें. कुटुंब पुढें तीर्थयात्रेंत भटकत असतांहि पहाटे मुलीला जागें करून पाठ देण्यांत त्यांनीं खंड पडूं दिला नाहीं. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं ज्या तरुणीला 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविलें, तिनें कोणत्याहि शाळेचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. घरच्या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनीं हें उदाहरण अभिमानानें सांगावें.

परंतु तें पुरतें सांगावें. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें या कुटुंबाला गांठलें. आई, वडील व थोरली बहीण पाठोपाठ गेलीं. त्या दिवसांविषयीं रमाबाईंनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे, कीं धर्मग्रंथांपलीकडचें कांहींच शिकविलें गेलें नसल्यामुळें अंगमेहनतीचें काम करून पोट भरण्याची पात्रता आपणांत नव्हती. सहस्रावधि श्लोक मुखोद्गत होते, पण हातांना कांहीं येत नव्हतें. पुढें त्यांनीं शारदासदन व मुक्ति ह्या संस्था उभारल्या, तेव्हां मुलींना पुस्तकांबरोबर हातकाम शिकविण्यावर त्यांचा जो कटाक्ष होता, त्याचें मूळ या अनुभवांत नसेल असें कोण म्हणेल? घरच्या शिक्षणाचा मोठा गुण व मोठा दोष येथें एकाच ठिकाणीं दिसतात. शिकविणाऱ्याचें प्रेम हें त्याचें बळ. आणि शिकविणाऱ्याच्या ज्ञानाची सीमा तीच मुलाची सीमा होऊन बसते, हा त्याचा धोका.

हातांचें शिक्षण पुस्तकी शिक्षणाच्या मध्यभागीं आणण्याचा मोठा प्रयोग चांद्याच्या शेजारींच झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. तिनें डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत समितीचा अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठीं सात वर्षांचें सक्तीचें व मोफत शिक्षण, माध्यम मातृभाषा, इंग्रजीला फांटा, आणि सर्व विषयांचा कणा म्हणून एक मूलोद्योग, अशी ती योजना होती. तिचें वेळापत्रक आजहि वाचण्यासारखें आहे. साडेपांच तासांच्या दिवसांत ३ तास २० मिनिटें उद्योगाला. ४० मिनिटें मातृभाषेला. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटें. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटें. व्यायामाला १० आणि विश्रांतीला १०.

गणिताला इतका थोडा वेळ पाहून सुशिक्षित पालक दचकतील. योजनेचें म्हणणें असें, कीं खरें गणित उद्योगाच्या तासांतच व्हावयाचें. गोठ्यांत गाईंसाठीं पाण्याची टांकी बांधावयाची झाली, तर एका गाईला दिवसाला किती पाणी लागतें हें लहान मुलें बादलीनें मोजतील. सर्व गाईंची बेरीज मधल्या वयाचीं करतील. आणि टांकीची लांबी, रुंदी व खोली किती ठेवावी, विटा किती लागतील, खर्च काय येईल, हें मोठीं मुलें काढतील. काम एक, वयें तीन, पाठ तीन. आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें इतकें सरळ उत्तर आम्हांस दुसरें सांपडलें नाहीं.

सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालीमी संघानें, आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्याच्या देखरेखीखालीं, हा प्रयोग कसोशीनें चालविला. १९४५ च्या परिषदेनंतर तो सात वर्षांपुरता राहिला नाहीं. पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण अशा चार पायऱ्यांचा जन्मभराचा क्रम त्यांतून आंखला गेला. सातांच्या आंतल्या मुलाला पुस्तक नको. त्याला स्वच्छता, खेळ, गाणें, बागेंतलें लहानसें काम आणि घराशीं जोडलेलें बालमंदिर हवें, असा त्यांतील पहिल्या पायरीचा भाव होता. त्याच सुमारास, १९३७-३८ मध्यें, मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनीं 'विद्यामंदिर' योजना पुढें आणली. गांवांत जमीन मिळवावी व तिच्या उत्पन्नावर गांवची शाळा चालवावी, असा तिचा आशय. चांदा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत होता. नांवावरून वाद माजला, १९३९ सालीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, आणि योजनेचा जोर ओसरला.

नयी तालीमहि सरकारी शाळांत टिकली नाहीं. तिच्यांत दोष होते. कित्येक शाळांत उद्योग म्हणजे केवळ टकळी फिरविणें होऊन बसलें. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा अनेक शिक्षणतज्ज्ञांना खटकली, आणि ती खटकण्याजोगी होतीच. परंतु आमच्या मतें तिच्या ऱ्हासाचें मुख्य कारण निराळें आहे. ही योजना चांगली आहे असें म्हणणारे पुष्कळ होते. ती आपल्या मुलाला चांगली आहे असें म्हणणारे थोडे होते. ज्यांच्या हातीं सत्ता व लेखणी होती, त्यांचीं मुलें इंग्रजी शाळांकडे वळलीं, आणि उद्योगाची शाळा ही इतरांच्या मुलांसाठीं आहे हें खेड्यांतल्या शेतकऱ्यानें बरोबर ओळखलें. त्यानेंहि आपलें मूल तिच्यांतून काढलें. अभ्यासक्रमाची खरी परीक्षा त्याच्या पुस्तिकेंत होत नसते; तो सुचविणारा स्वतःचें मूल त्यांत घालतो कीं नाहीं, येथें ती होते.

या परीक्षेला उतरलेले लोक थोडे असले तरी होते. वर्ध्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक व सर्वोदयी कार्यकर्ते ठाकुरदास बंग यांनीं आपला मुलगा अभय याला सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेंत घातलें. नववीपर्यंत तो तेथें शिकला. पुढें तोच मुलगा डॉक्टर झाला, आणि १९८६ सालीं पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलींत येऊन त्यानें 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यांतल्या साध्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात अर्भकांची घरच्या घरीं देखभाल करण्यास शिकवून बालमृत्यु कमी करतां येतात, हें या दांपत्यानें दाखविलें. १९९९ सालीं तें संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. त्या स्त्रियांसाठीं जो पाठ आंखला गेला, त्यांत श्वास मोजणें होतें, वजन करणें होतें, न्युमोनिया ओळखणें होतें. शोभेचें कांहीं नव्हतें. गरज पाहून शिक्षण बेतावें, हें सेवाग्रामचें सूत्र असें गडचिरोलीच्या झोंपडींत पोंचलें. सेवाग्रामची ती जुनी शाळा मध्यंतरीं बंद पडली होती. २००५ सालीं 'आनंद निकेतन' या नांवानें तेथें पुन्हां मुलांचा किलबिलाट सुरू झाला.

दुसरें उदाहरण हेमलकशाचें. २३ डिसेंबर १९७३ रोजीं, बाबा आमटे यांच्या प्रेरणेनें, भामरागडाजवळच्या हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथें राहूं लागलीं. आरंभीं दवाखाना आला; १९७६ सालीं माडिया मुलांसाठीं आश्रमशाळा निघाली. माडिया मुलाच्या घरीं माडिया बोली. शाळेचें पुस्तक मराठी. शिक्षकाची भाषा मुलाला कळेना, मुलाची शिक्षकाला. वर्गांत कोंडून बसण्याची संवय नसलेलीं पोरें रान तुडवीत आपल्या गांवीं पळून जात. पुस्तकांतील आगगाडी, टपालपेटी आणि चौपाटी हीं त्यांना परीकथेंतल्या वस्तूंइतकीं दूर होतीं. उलट जीं झाडें, जे प्राणी आणि जे पाण्याचे मार्ग त्यांना पाठ होते, त्यांचें नांवहि पुस्तकांत नव्हतें. सहा वर्षांच्या मुलाला जें येतें तें सारें निरुपयोगी ठरवून शाळा सुरू झाली, तर तें मूल पळेल नाहीं तर काय करील?

या अडचणींतून वाट काढतांना आमटे दांपत्यानें जी एक गोष्ट केली, तिचें महत्त्व आम्हांस सर्वांत अधिक वाटतें. त्यांच्या मुलांना, दिगंत व अनिकेत यांना, शहरांत नातेवाइकांकडे ठेवणें अशक्य नव्हतें. दोघे पदवीधर डॉक्टर घरांत असतां त्यांना घरींच शिकविणें तर त्याहून सोपें होतें. तीं मुलें त्याच आश्रमशाळेंत, माडिया मुलांच्या शेजारीं बसून शिकलीं. एक पुढें डॉक्टर झाला, दुसरा अभियंता, आणि दोघेहि हेमलकशास परतले. संस्थापकाचें मूल ज्या बांकावर बसतें, त्या बांकाचा खिळा वर आला तर तो लगेच ठोकला जातो. आश्रमशाळा आपली आहे, उपकाराची नाहीं, ही भावना एखाद्या परिपत्रकानें येत नाहीं. ती अशीच येते.

तथापि येथें एक विसंगति मनाला टोंचते, ती दडवून ठेवणें योग्य नव्हे. शहरांतले आम्ही सुशिक्षित लोक शाळा उचलून घरीं आणण्याच्या विचारांत आहों. आणि त्याच काळांत माडिया मूल घरांतून उचलून दूरच्या आश्रमशाळेंत नेलें जात आहे. आम्हांला घर हेंच उत्तम विद्यालय वाटतें. त्याचें घर मात्र शिक्षणाचा अडथळा म्हणून गणलें जातें. त्याच्या घरांत व गांवांत शिक्षण नव्हतेंच काय? गोंड व माडिया गांवांतील गोटुल ही संस्था पाहा. व्हेरियर एल्विन यानें बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर १९४७ सालीं मोठा ग्रंथ लिहिला, आणि बाहेरच्या लोकांनीं त्यांतलें फक्त तरुणतरुणींच्या सहवासाचें प्रकरण लक्षांत ठेवलें. गोटुलांत थोरल्यांनीं धाकट्यांना गाणीं, नाच, कामाची वांटणी, गांवच्या रीति आणि एकमेकांशीं वागण्याची शिस्त शिकवावयाची असते, ही गोष्ट बाजूला पडली. गडचिरोलीच्या गांवांतून गोटुल ही गांवाच्या बैठकीचीहि जागा आहे. निरनिराळ्या वयांना एकाच छपराखालीं शिकविणारी ती शाळाच नव्हे काय?

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवची कथा प्रसिद्ध आहे. गांवकऱ्यांनीं रानांतलें लांकूड आणून गोटुल बांधलें. वनखात्यानें तें मोडलें. तेव्हां आसपासच्या बारा गांवांनीं मिळून आपापल्या गांवीं गोटुल उभारण्याचें ठरविलें. पुढें याच गांवानें अभ्यासमंडळें चालवून कायदा, वन व हिशेब हे विषय प्रौढपणीं स्वतः शिकून घेतले, आणि २००९ सालीं वनहक्क कायद्याखालीं सामूहिक वनहक्क मिळविलेल्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना झाली. यांत अभ्यासक्रम कोणी लादला नव्हता. अडचण आली कीं तिच्यापुरतें शास्त्र शिकावयाचें, हाच क्रम.

त्याच तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं याहून पुढचें पाऊल टाकलें. तिनें गोंडी भाषेंतून शिकविणारी आपली शाळा काढली आणि तिला 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल' असें नांव दिलें. मुलांनीं आपली भाषा, आपला इतिहास व आपलें रान आधीं शिकावें आणि त्याबरोबर इतर विषयहि शिकावेत, अशी तिची दृष्टि. शिक्षणखात्यानें पुढें मान्यता नसल्याबद्दल शाळेवर नोटीस बजावली. ग्रामसभेनें घटनेचा आधार सांगितला. आणि तो आधार पोकळ नाहीं. भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय राज्यानें करावी, असें घटनेचें ३५०-अ हें कलम म्हणतें. २००९ चा शिक्षणहक्क कायदाहि शक्य तेथवर मातृभाषेचाच पुरस्कार करतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणें गोंडी बोलणारे देशांत सुमारें तीस लाख आहेत, तरी आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांत गोंडीला जागा नाहीं.

आतां कायद्याचा हाच आरसा आपल्याकडे वळवूं. २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य मानतो. परंतु न घालणाऱ्या पालकास त्यांत शिक्षा नाहीं, आणि घरच्या शिक्षणाचा नांवानें उल्लेखहि नाहीं. या मोकळ्या जागेंत शहरांतलीं कुटुंबें घरीं मुलें शिकवितात आणि कोणी त्यांच्या दारीं जात नाहीं. विनामान्यता शाळा चालविणाऱ्यास मात्र त्याच कायद्यांत एक लाखापर्यंत दंड आहे. बंगल्यांत आईनें विलायती पुस्तकांवरून तीन मुलांना शिकविलें तर तो तिचा प्रयोग. रानांतल्या गांवानें आपल्या भाषेंत तीस मुलांना शिकविलें तर तो गुन्हा. मान्यतेच्या अटींमागें मुलांचें हित आहे हें आम्ही जाणतों. वाटेल त्यानें शाळेची पाटी लावावी असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु अभ्यासक्रम निवडण्याचा जो अधिकार आम्ही स्वतःसाठीं गृहीत धरतों, तो दुसऱ्या आईबापांनीं मागितला तर निदान त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याइतकी न्यायबुद्धि आम्हांत असावी.

या साऱ्या इतिहासांतून घरच्या शिक्षणाची इच्छा धरणाऱ्या कुटुंबानें काय घ्यावें? इंग्लंडांत शार्लट मेसन या बाईनें १८९१ पासून टपालानें अभ्यासक्रम पाठवून घरोघरच्या मुलांना शिकविण्याची व्यवस्था केली होती. तिची विभागणी आम्हांस सेवाग्रामच्या अनुभवाशीं जुळती वाटते. विषयांचे दोन वर्ग करावे. वाचन, लेखन आणि गणित यांत पायरीवर पायरी चढावयाची असते. म्हणून हे विषय ज्याचे त्याला, ज्याच्या त्याच्या गतीनें, थोडा वेळ पण रोज शिकवावे. इतिहास, कथा, निसर्ग, गायन, चित्र आणि हातकाम यांना अशी शिडी नाहीं. ते सर्वांना एकत्र द्यावे. वैनगंगेची गोष्ट धाकटा ऐकेल, मधली तिचें चित्र काढील, थोरला तिच्या खोऱ्याचा नकाशा करील. तीन मुलांसाठीं तीन शाळा चालवूं पाहणारी आई दोन महिन्यांत थकते, आणि दोष मुलांना लागतो.

वयाचा विचार म्हणाल, तर सातांच्या आंत छापील अभ्यासक्रम विकत घेऊंच नये. त्या वयांत भाषा घरची असावी, आणि हातांना माती, पाणी, दोरा व भाजी यांची ओळख व्हावी. सात ते अकरा या वयांत वरील दोन वर्ग संभाळावे, आणि एक काम, मग तें बागेचें असो, शिवणाचें असो, कीं स्वयंपाकाचें असो, वर्षभर सोडूं नये; रमाबाईंचा दुष्काळ आठवावा. अकरानंतर आईबापांनीं आपल्या ज्ञानाची सीमा ओळखून दुसरा गुरु शोधावा. परीक्षेची चिंता अकारण आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या तिसरी, पांचवी व आठवी यांच्या तोलाच्या पायऱ्या आहेत, व चौदा वर्षें पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा तेथून देतां येते. राज्यमंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसण्यासाठीं सतरा नंबरचा अर्ज महाराष्ट्राच्या परिचयाचाच आहे. चौदानंतर मात्र मुलाला विचारल्यावांचून कांहींच ठरवूं नये.

राहतां राहिली एक गोष्ट, आणि ती कोणत्याहि पुस्तकाच्या यादींत सांपडणार नाहीं. दिगंत व अनिकेत यांना आश्रमशाळेनें जें दिलें, तें त्यांच्या शेजारीं बसलेल्या माडिया मुलांनीं दिलें. घरीं शिकणाऱ्या मुलाला अक्षर, अंक व शास्त्र आई देऊं शकेल. आपल्याहून निराळ्या घरांतला सोबती ती एकटी देऊं शकणार नाहीं. म्हणून जें कुटुंब शाळा सोडतें, त्यानें आपल्या ओसरीचें दार उघडें ठेवावें; कामवाल्या बाईचें मूल, शेजारच्या रखवालदाराचें मूल, जें येईल तें त्याच सतरंजीवर बसूं द्यावें. जो अभ्यासक्रम त्या मुलांपुढें वाचावयाला आपणांस संकोच वाटणार नाहीं, तोच आपल्या मुलांसाठींहि निवडावा.